लातूरहून डोंबिवली: एका घराच्या पहिल्या वर्षाचं प्रकरण

लातूर जिल्ह्यातून मुंबई परिसरात येणारी बरीच घरं कल्याण-डोंबिवलीला उतरतात. लातूर एक्सप्रेस कल्याणला थांबते, मराठी शाळा आहेत, आणि मुंबईच्या मानाने भाडं झेपतं. इथे मांडलेलं घर नमुन्याचं आहे. एकाच कुटुंबाची कहाणी म्हणून ते वाचू नये, पण यातली प्रत्येक चूक घरोघर होते आणि बहुधा याच क्रमाने होते.

घरात चार माणसं. ३४ वर्षांचा नवरा, साकीनाक्याला हिशेबाच्या कामावर, हातात पगार ३८,००० रुपये. बायको, गावी शिवणकाम करणारी. तिसरीत जाणारी मुलगी. आणि ७६ वर्षांची आई. नवरा फेब्रुवारीत एकटा आला आणि तीन महिने एका खोलीत चौघांबरोबर राहिला. मेमध्ये डोंबिवली पूर्वेला वन बीएचके घेतलं आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात बाकीचे आले. जुलैच्या मध्यावर आई गावी परत गेली. आईचं हे परत जाणं हाच या प्रकरणाचा गाभा आहे. नोकरी करणाऱ्याला लोकल आणि ऑफिस मिळून महिनाभरात वळण लावतात. मुलीला शाळा वळण लावते. घरात राहणाऱ्या माणसासाठी मात्र असं काहीच आपोआप होत नाही, आणि शहरात येण्याच्या तयारीत त्याचा विचार सगळ्यात शेवटी होतो.

घर घेताना

दोन घरं समोर होती. एक स्टेशनपासून चालत १२ मिनिटांवर, भाडं १४,०००. दुसरं शेअर रिक्षाच्या अंतरावर, भाडं ११,०००. अर्थातच दुसरं घेतलं. महिन्याला तीन हजार वाचतात हा हिशेब गावाकडच्या सवयीने बरोबरच वाटतो, कारण तिथे अंतराला किंमत नसते.

इथला हिशेब असा होतो. शेअर रिक्षाला सीटमागे २० रुपये, जाऊन-येऊन ४०, महिन्याचे २५ दिवस धरले तर १,००० रुपये. रांगेत १५ मिनिटं आणि रिक्षात १२, म्हणजे २७. चालत १२. एका बाजूला १५ मिनिटांचा फरक, दोन्ही वेळा मिळून अर्धा तास, महिन्याला साडेबारा तास. पावसात रांग दुप्पट होते ती वेगळीच. तीन हजारांतले एक हजार इथेच गेले. उरलेल्या दोन हजारांच्या बदल्यात घरातल्या प्रत्येकाचं बाहेर पडणं रिक्षावर अवलंबून झालं: भाजी, दवाखाना, देऊळ, सगळंच. ७६ वर्षांच्या बाईला शेअर रिक्षात तिसरी बसून जाणं नको वाटतं, म्हणून ती जातच नाही. घर बघताना नोकरीवाल्याचा प्रवास सगळे मोजतात. घरातलं सगळ्यात कमी चालू शकणारं माणूस एकटं कुठपर्यंत जाऊन येईल, हेही मोजलं पाहिजे. दुकान, बाक आणि देऊळ या तीन गोष्टी त्याच्या पायाच्या टप्प्यात हव्यात.

दुसरी चूक कागदाची. डिपॉझिट ४०,००० दिलं, एका महिन्याचं भाडं दलाली म्हणून दिलं, आणि "करार नंतर करू" हे घरमालकाचं म्हणणं मान्य केलं. जूनमध्ये गॅस, बँक आणि शाळा, तिघांनीही राहत्या पत्त्याचा पुरावा मागितला आणि हातात काहीच नव्हतं. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे भाड्याने राहण्याचा, करार लेखी हवा आणि त्याची नोंदणीही हवी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ ने ही जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. करार अकरा महिन्यांचाच आहे म्हणून नोंदणी नको, हा समज चुकीचा. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. हे घरमालकाला शांतपणे सांगितलं की बहुतेक वेळा काम होतं.

खर्चाचा बाऊ करण्यासारखं काही नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेली रक्कम यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के. ११,००० च्या अकरा महिन्यांचे १,२१,००० होतात, डिपॉझिटपोटी साधारण ३,७०० धरले तर शुल्क सव्वातीनशेच्या आत येतं आणि वर शंभराच्या पटीत भरलं जातं. शहरी भागात नोंदणी फी १,०००. एजंट घरी येऊन आधार आणि अंगठा घेऊन ऑनलाइन नोंदणी करतो, त्याची फी आधी ठरवावी. करारात लॉक-इन (ज्या मुदतीआधी घर सोडता येत नाही ती) किती महिन्यांचं, रंगाचे पैसे कोण देणार आणि नूतनीकरणाला दलाल पुन्हा पैसे घेणार का, या तीन ओळी वाचल्याशिवाय अंगठा देऊ नये. किल्ली हातात आली की महावितरणच्या मीटरचा फोटो काढून घरमालकाला पाठवायचा. तो नसल्यामुळे या घराला पहिल्या बिलात आधीच्या भाडेकरूची थकबाकी भरावी लागली.

गॅसचं काम गावातून निघण्याआधीच करायचं असतं. दुसऱ्या शहरात जाताना सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करून टर्मिनेशन व्हाउचर, म्हणजे कनेक्शन बंद केल्याचा कागद, घ्यायचं, आणि ते दाखवून नव्या गावात कनेक्शन घ्यायचं. यांनी सिलिंडर भावाकडे ठेवला. मग इथे पत्त्याच्या पुराव्याविना मिळणाऱ्या ५ किलोच्या सिलिंडरवर पाच आठवडे काढले. चार माणसांच्या दोन वेळच्या स्वयंपाकाला तो फार लवकर संपतो आणि भरायला महागही पडतो.

मुलीच्या शाळेत दाखला यायला उशीर झाला. शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश अडवता येत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम ५ मध्ये ते स्पष्ट आहे. मुख्याध्यापकांना हे माहीत असतं, फक्त विचारणाऱ्याला माहीत असायला हवं.

लोकल

डोंबिवली छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ४८ किलोमीटरवर. साकीनाक्यासाठी घाटकोपरला उतरून मेट्रो. घरातून ऑफिसपर्यंत ११० मिनिटं: रिक्षाची रांग १५, रिक्षा १२, पूल आणि फलाट १०, जलद लोकल ४०, मेट्रोपर्यंतचा जिना आणि तपासणी १५, मेट्रो ८, चालणं १०.

पहिल्या दिवशी चढता आलं, उतरता आलं नाही. घाटकोपर आलं तेव्हा तो डब्याच्या मधोमध होता. दारापर्यंत पोहोचेतो गाडी सुटली आणि तो कुर्ल्याला उतरला. हे नव्याने आलेल्या बहुतेकांचं होतं, कारण एसटीत किंवा एक्सप्रेसमध्ये स्टेशन आल्यावर उठायचं असतं. लोकल जेमतेम अर्धा मिनिट थांबते. त्यामुळे उतरण्याची तयारी आधीच्या थांब्यापासून करावी लागते. दुसऱ्या दिवशी शेजारच्याने विचारलं, "घाटकोपर का?"
"हो."
"मग इथे काय उभा आहेस? ठाणं गेलं की पुढे सरकायचं. पुढच्याला विचार, उतरणार का म्हणून. नाही म्हणाला तर जागा बदल."

गर्दीत पुढे सरकण्याची पद्धत एवढीच आहे. धक्का मारून पुढे जाणाऱ्याला शिव्या पडतात, विचारून जाणाऱ्याला वाट मिळते. "घाटकोपर?" एवढा एकच शब्द पुरतो. फलाट कोणत्या बाजूला येणार हेही त्याच माणसाला विचारून घ्यावं. जी माणसं उतरणार त्यांच्या मागे लागलं की आपोआप बाहेर पडता येतं.

चढण्याचंही असंच. कर्जत-कसाऱ्याहून भरून येणाऱ्या गाडीत डोंबिवलीला शिरण्याचा हट्ट नव्या माणसाने करू नये. डोंबिवलीहूनच सुटणारी लोकल पकडावी, दहा-पंधरा मिनिटं उशिराची असली तरी. पाठीवरची बॅग छातीवर घ्यायची, नाहीतर मागच्याला जागा मिळत नाही आणि बॅगेची चेनही उघडी राहते. दारात उभं राहू नये. तिथे उभी राहणारी माणसं वर्षानुवर्षांची असतात, पण तीच पडतातही. तीन जणांच्या बाकावर चौथा बसतो. ही चौथी सीट म्हणजे अर्धं अंग हवेत, तरी ती मागायचा हक्क उभ्या माणसाला आहे आणि सरकून देणं हा इथला रिवाज आहे. "जरा सरकता का" म्हटल्यावर कुणी रागावत नाही. न विचारता टेकलं तर रागावतात.

बसायला मिळावं म्हणून काही जण आधी उलट दिशेने कल्याणला जातात आणि त्याच गाडीने परत येतात. याला डाऊन करून येणं म्हणतात. पास डोंबिवलीपासूनचा असेल तर कल्याणपर्यंतचा प्रवास विनातिकीट ठरतो. विनातिकीट प्रवासाला भाड्याखेरीज किमान २५० रुपये दंड आहे. असं करायचं असेल तर पास कल्याणपासूनचाच काढावा.

पहिल्या वर्गाचा डबा स्वतंत्र नसतो, डब्याचा एक कप्पा असतो. घाईत दार पकडलं की माणूस चुकून त्यात शिरतो. दिव्यांगांचा, महिलांचा, मालाचा डबाही असाच. डब्यावरचे पट्टे आणि पाट्या पहिले आठ दिवस रिकाम्या वेळी फलाटावर उभं राहून पाहाव्यात आणि आपला डबा फलाटावर कुठे येतो ती खूण लक्षात ठेवावी: चहाचा स्टॉल, जिना, खांबाचा नंबर. रोज तिथेच उभं राहिलं की पंधरा दिवसांत तीच माणसं भेटतात. तिथूनच ग्रुप होतो. कुठल्या दिवशी गाड्या रखडल्या, दुसरा रस्ता कोणता, रजेचा अर्ज कसा लिहायचा, हे सगळं त्या ग्रुपमध्ये कळतं. या नवऱ्याला डॉक्टर, शिलाई मशीनचा मेकॅनिक आणि पुढे दुसरं घर, तिन्ही डब्यातूनच मिळालं.

महिन्याचा पास रोजच्या तिकिटांपेक्षा बराच स्वस्त पडतो, आणि तीन महिन्यांचा पास एका महिन्याच्या २.७ पट. नोकरी टिकणार अशी खात्री झाली की तिमाही काढावा.

रविवारी मेगाब्लॉक असतो, म्हणजे रुळांच्या दुरुस्तीसाठी काही गाड्या बंद असतात. नातेवाइकांकडे जायचा बेत शनिवारी रात्री वेळापत्रक बघून करायचा. आणि पावसाळ्यात रुळांवर पाणी आलं तर ऑफिसातच थांबायचं, रुळांवरून चालत निघायचं नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवसाची आठवण अजून प्रत्येक घरात आहे, म्हणून मुसळधार पावसात इथे कुणी "थांबलास का?" असं विचारत नाही, "निघालास का?" असं काळजीने विचारतं. बॅगेत कपड्यांचा एक जोड, चार्जर आणि बिस्किटांचा पुडा जून ते सप्टेंबर कायम ठेवावा.

सेफ्टी डोरच्या आत

आता आईकडे. सकाळी साडेसहाला मुलगा जातो, सातला नात, दहाला सून शिवणाच्या कामाची चौकशी करायला. चौथ्या मजल्यावर आई एकटी, बाहेर जाळीचं दार, आत लाकडी दार. गावी तिच्या ओसरीवर दिवसात पंधरा माणसं थांबत. इथे पहिल्या आठवड्यात दोन.

तिने स्वतःहून ओळख करायचा प्रयत्न केला. समोरच्या घरातल्या चाळिशीच्या बाईला जाळीतून हाक मारली, "काय करायलीस माय? जेवलीस का?" समोरून "हो" एवढंच आलं आणि दार लागलं. त्या बाईला एकेरी हाक टोचली. आईला ते दार लावणं टोचलं. दोघींचंही चुकलं नव्हतं. मराठवाड्यात "माय" ही बाईला प्रेमाने मारायची हाक आहे, आपल्याहून लहान असली तरी. इथे अनोळखी बाई "काकू", "ताई" किंवा "वहिनी" असते आणि तिच्याशी "अहो" ने बोलायचं असतं. "बाई" हा शब्दही जपून वापरावा लागतो, कारण इमारतीत "बाई" म्हणजे घरकामाला येणारी. दार बंद असणं म्हणजे नाराजी नव्हे, हेही कुणीतरी सांगावं लागतं. दार बंद ठेवणं ही इथली रीत आहे, पण बेल वाजवून काहीतरी हातात घेऊन गेलं की तेच दार उघडतं.

सहा आठवड्यांत आईचं जेवण कमी झालं, दुपारची झोप वाढली, "मला गावी सोड" रोजचं झालं. घरच्यांना वाटलं हवा मानवत नाही. हवेचा भाग थोडा होताच, जून-जुलैची ओल वयस्कर सांध्यांना त्रास देते. पण मुख्य गोष्ट म्हणजे तिला दिवसभरात एकही काम आणि एकही माणूस नव्हतं. जुलैच्या मध्यावर नवऱ्याचा भाऊ येऊन तिला घेऊन गेला.

याला जोडून भाकरीचं घडलं. हे वरवर किरकोळ, पण घर अर्धं त्यावरच मोडलं. दुकानातल्या ज्वारीच्या पिठाची भाकरी थापताना चिरत होती, तव्यावर टाकेपर्यंत तुकडे होत. सुनेला वाटलं आपला हात गेला. आईला वाटलं सून गव्हावर आली. प्रत्यक्षात पिठाची विरी, म्हणजे भाकरी धरून ठेवणारा चिकटपणा, गेली होती. ज्वारीत गव्हासारखा चिवटपणा नसतोच. दळून महिना-दोन महिने पाकिटात पडलेल्या पिठात आहे तोही राहत नाही. यावर दोन उपाय. तातडीचा म्हणजे पीठ थोडं उकळत्या पाण्यात भिजवून, झाकून, कोमट झाल्यावर तळहाताने भरपूर मळून थापणं. खरा उपाय म्हणजे ज्वारी आणून गिरणीत एका वेळी दोनच किलो दळणं, म्हणजे आठवड्याभरात संपतं. डोंबिवलीत गिरण्या गल्लोगल्ली आहेत. फक्त ज्वारी गव्हानंतर लगेच दळायला टाकू नये, जात्यातलं गव्हाचं पीठ मिसळतं. गिरणीवाल्याला विचारलं की तो ज्वारी-बाजरीची वेळ सांगतो. पावसाळ्याआधी पोतंभर आणायचं नाही. फ्लॅटमध्ये ऊन नसतं, ओलीने ज्वारीत टोके, म्हणजे धान्यातले किडे, होतात. कोरड्या डब्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून १० किलोपेक्षा जास्त ठेवू नये.

पाण्याचं मात्र या घराला काही शिकवावं लागलं नाही. २०१६ ला मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं ते दिवस पाहिलेली माणसं आहेत. सकाळी दोन तास येणारं पाणी त्यांना भरपूर वाटलं. सुनेने पहिल्याच आठवड्यात एक ड्रम आणि चार कळशा लावल्या. गळका नळ बघून तिनेच सोसायटीच्या सेक्रेटरींकडे जाऊन सांगितलं आणि त्यातून तिची इमारतीत पहिली ओळख झाली.

दुसरी खेप

ऑगस्ट ते ऑक्टोबर या तीन महिन्यांत सुनेने जे केलं त्यावर पुढचं सगळं उभं राहिलं. गणपतीत सोसायटीची वर्गणी स्वतः खाली जाऊन दिली आणि आरतीच्या ताटाची एक पाळी मागून घेतली. वर्गणी वॉचमनच्या हाती पाठवली तर पैसे पोहोचतात, ओळख होत नाही. मग साडीचं फॉल-पिको घरी करते असं सांगितलं. समोरच्याच बाईंनी पहिली साडी दिली. ओला-सुका कचरा वेगळा करून वेळेवर खाली ठेवणं, रात्री दहानंतर शिलाई मशीन बंद, चपला जिन्यात न पसरणं, या तीन गोष्टी पाळल्यावर इमारतीत नाव चांगलं होतं. भाडेकरूंबद्दल सोसायट्यांत ज्या तक्रारी होतात त्यातल्या बहुतेक याच असतात.

आई दिवाळीनंतर आली. पावसाळा संपलेला, हवा बरी. ७५ वर्षांवरच्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे, तरी रात्रभराच्या प्रवासाला रेल्वेच बरी, म्हणून रेल्वेनेच आली. या वेळी तिच्या दिवसाचे तीन भाग आधीच ठरवले होते. सकाळी नातीला खाली शाळेच्या गाडीपर्यंत सोडणं, हे तिचं एकटीचं काम. दुपारी सुनेकडे शिवणाला येणाऱ्या बायकांसाठी दार उघडणं आणि त्यांच्याशी बोलणं. पाच वाजता खालच्या बाकावर, जिथे इमारतीतल्या तीन-चार वयस्कर बायका बसतात. पहिले चार दिवस सून तिच्याबरोबर खाली बसली, कारण नवं माणूस बाकावर एकटं जात नाही. पाचव्या दिवशी आई एकटी गेली. परत जायची तारीखही आधीच ठरवली होती, होळीच्या आधी. ही तारीख ठरलेली असणं फार उपयोगी पडतं. आपण कायमचे इथे अडकलो नाही एवढं कळलं की म्हातारं माणूस स्वस्थ राहतं.

नातीचं भाषेचं निराळंच झालं. शाळेत "लई" आणि "कामून" वर मुलं हसली, तेव्हा ती घरीही गप्प व्हायला लागली. आईवडिलांनी तिला "असं बोलू नको" म्हणणं सुरू केलं होतं, ते वर्गशिक्षिकेने थांबवलं. आजी परत आल्यावर मुलगी घरात आजीसारखं आणि शाळेत मैत्रिणींसारखं, "मी बोलले" वगैरे, असं दोन्ही बोलायला लागली. मुलांना हे जमतं, मोठ्यांनी मध्ये पडू नये.

लॉक-इन संपल्यावर जानेवारीत घर बदललं. स्टेशनपासून चालत १२ मिनिटं, पहिला मजला, भाडं १४,५००. डब्यातल्याच एकाने सांगितलेलं, त्यामुळे दलाली नाही. आधीच्या घरमालकाला एक महिन्याची लेखी नोटीस दिली, रंगाचे ४,००० कापून ३६,००० परत मिळाले. मतदार यादीतला पत्ता फॉर्म ८ भरून बदलायला दिला. नव्या करारानंतर आधारवरचा पत्ताही बदलला.

संक्रांतीचं हळदीकुंकू नव्या इमारतीत केलं. वाण म्हणून आईने गावाकडून मागवलेली मालदांडी ज्वारी, प्रत्येकीला पाव किलो. चौदा बायका आल्या. जुन्या इमारतीतल्या समोरच्या बाई रिक्षाने आल्या आणि जाताना आईला विचारून गेल्या की विरी गेलेल्या पिठाचं काय करायचं, माय.